रिकाम्या खुर्चीचा फोटो

ज्यांच्यावर अन्याय झाला त्यांचं नाव सुमतीबाई. अमरावतीच्या एका मुलींच्या शाळेत त्या भूगोल आणि गणित शिकवत होत्या. अन्याय झाला गेल्या वर्षी रामनवमीला, सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी, अकोल्यात, एका फोटोग्राफरच्या स्टुडिओत. अन्याय करणारा मी. त्यांचं नाव छापायला त्यांची परवानगी आहे. आडनाव आणि शाळेचं नाव छापायला नाही, म्हणून ते इथे शोधू नका.

या सदरात दर महिन्याला चिंचेखालची बाई येते, विहिरीवरचा दिवा येतो, कोणाच्या तरी मामाला वाटेत भेटलेला पांढऱ्या घोड्यावरचा स्वार येतो. मी ते वाचून हसणाऱ्यांपैकी आहे. नुसता हसणारा नाही – ‘भुताने लेखी अर्ज करावा’ हे हॅन्डबिल मी लिहिलं, मीच छापून घेतलं, आणि बडनेऱ्याच्या फलाटावर गाडी बदलणाऱ्यांच्या हातात मीच कोंबलं. अंगारे, गंडे, देवऋषी, कौल... सगळ्यांवर लिहून झालंय. तेव्हा पुढचं वाचताना ‘हा माणूस भोळा असेल’ हा आधार तुम्हाला मिळणार नाही. मलाही मिळाला नाही.

माझी मोठी चळवळ मुलगी पाहण्याच्या पद्धतीविरुद्ध होती. पोरीला चालून दाखवायला लावायचं, सुईत दोरा ओवायला लावायचा, वेणी सोडून केस मोजायचे, आणि पोहे खाऊन ‘कळवतो’ म्हणून निघून जायचं. यावरचं माझं पत्रक – ‘तिला विचारा’. वऱ्हाडात बऱ्याच घरांत ते गेलं असेल. त्यातच एक परिच्छेद फोटोग्राफरांवर होता. हल्ली मुलीचा फोटो आधी पाठवायचा रिवाज पडलाय, आणि फोटोग्राफर काचेवर शिसपेन्सिल फिरवून सावळी पोर गोरी करून देतात. मी लिहिलं होतं, हे खोटारडे आहेत.

ते वाचून एक खोटारडा अमरावतीला माझ्या खोलीवर भांडायला आला. गुलाबराव. अकोल्यात त्याचा स्टुडिओ. मूळचं घर बार्शीटाकळीकडचं, फुलांच्या मळ्याचं. भाऊ अजून झेंडू-शेवंती लावतो, हा एकटाच कॅमेऱ्यामागे लागून शहरात आला. दारातच त्याने पत्रक माझ्या नाकासमोर धरलं.

“हे तुमीच लेयलं काय?”

“हो.”

“मी खोटारडा नाई, भाऊ. मी रिटच करतो. पोरीची माय रडते माह्या पुढ्यात. म्हनते, दोन छटा उजळ कर बाप्पा. मंग काय करू? तुमी या एक दिवस अन् तिच्या मायले सांगा, का पोरगी काळीच राहू दे.”

मी म्हणालो, “मुलीला विचारलंत कधी, दोन छटा उजळ करू का म्हणून?”

गुलाबरावाने पत्रक खाली घेतलं. मग म्हणाला, “पोट्ट्या बोलतच नाईत. मी म्हनतो हनवटी वर, का वर करतात. हालू नको, का हालत नाईत. माह्या धंद्यात बोलन्याचं कामच नाई.”

त्या दिवसापासून आमची ओळख झाली. तो माझी पत्रकं वाचून भांडायचा, मी त्याच्या स्टुडिओत बसून भांडायचो.

सुमतीबाई माझ्या पत्रकांची प्रूफं तपासत. दोन वर्षं. लाल शाईने. ‘येथे ओरडू नये’ असा शेरा मारत आणि उद्गारचिन्ह खोडत. माझ्या पत्रकांत जे काही वाचण्यासारखं आहे ते त्यांनी खोडून उरलेलं आहे. त्यांच्याशी लग्न करावं असं मला वाटू लागलं, आणि त्यांनाही तसं वाटत असेल अशी मी समजूत करून घेतली. समजूतच. विचारलं नव्हतं.

विचारायचं ठरलं तेव्हा साधं विचारणं मला पुरेसं वाटेना. मला वाटलं, या प्रांतात एका पुरुषाने एका स्त्रीला तिच्या तोंडावर, मध्यस्थाशिवाय, पत्रिकेशिवाय लग्नाचं विचारलं, आणि तिने स्वतः उत्तर दिलं, याचा फोटो निघाला पाहिजे. तो ‘तिला विचारा’च्या दुसऱ्या आवृत्तीवर छापायचा. लोकांना दिसू द्या. आणि फोटोत चेहरा खरा यायला हवा – म्हणून त्यांना आधी काहीच सांगायचं नाही. एकदम विचारायचं. इंग्रजी मासिकांत याला सरप्राईज म्हणतात.

हे लिहिताना मला आता जे दिसतंय ते तुम्हाला पहिल्या वाक्यालाच दिसलं असेल. मला तेव्हा दिसलं नाही. मी पत्रक लिहिणारा होतो, मला वाटायचं मी त्या पद्धतीच्या बाहेर उभा आहे.

योजना अशी. रामनवमीला दुपारी अकोल्यात बायकांची सभा होती, सुमतीबाई त्यात बोलणार होत्या. अकोल्याला त्यांच्या आत्याचं घर. आदल्या दिवशी, अष्टमीला, सकाळची शाळा आटोपून संध्याकाळच्या गाडीने त्या येणार. नवमीला सकाळी वक्त्या बायकांचा ग्रुप-फोटो आहे असं सांगून मी त्यांना नऊ वाजता स्टुडिओत बोलावलं होतं. बाकीच्या बायकांना कोणी बोलावलेलंच नव्हतं. कॅमेरा पडद्याआड. मी खिशातून पत्रकाचं प्रूफ काढून पुढे धरलं की गुलाबरावाने पडदा सारून लेन्सचं झाकण काढायचं.

गुलाबराव म्हणाला, “बाईले माहीत आहे काय?”

“माहीत असतं तर सरप्राईज कसलं?”

“तुमचं तुमी जाना. पन माहा नियम सांगतो. मानूस आयत्या वेळी बसनार, मले डोक्यावर काळं कापड घेऊन पाह्यता येनार नाई. म्हनून आदल्या दिवशी त्याच वेळेले या. खुर्ची मांडू, तुमी उभे राहा, खुर्ची रिकामी. एक प्लेट वाया घालवू. उजेड पडतो कसा, दोघं मावता का, ते कळन.”

म्हणून अष्टमीला सकाळी नऊच्या सुमारास मी स्टुडिओत होतो. जे झालं ते जसंच्या तसं सांगतो.

खोलीचं उत्तरेकडचं छप्पर काचेचं, त्याखाली पांढरं मांजरपाट ताणलेलं. मागे रंगवलेला पडदा – महालाचा जिना, दोन कुंड्या आणि वऱ्हाडात कोणी पाहिला नसेल असा हंस. पुढे कोरीव हातांची खुर्ची. गुलाबरावाने खडूने जमिनीवर दोन खुणा केल्या, एक खुर्चीच्या पायाशी, एक माझ्यासाठी. मी टोपी सकाळीच विसरून आलो होतो, बोडकाच उभा राहिलो. उकाड्याने सदऱ्याच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. रस्त्यावरचे लोक मधेच डोकावतात म्हणून दाराला आतून कडी. खोलीत आम्ही दोघे. तिसरं कोणी नाही. हे वाक्य मी पुन्हा लिहायला तयार आहे.

प्लेट, म्हणजे फोटोची काच, नवी. लाल दिव्याच्या खोलीत त्याने पुडक्याचा कागद माझ्यासमोर फोडला, दोन काचा काढल्या, सुईने एकीच्या कोपऱ्यात ‘१’ ओरखडला, दुसरीच्या ‘२’. एक आजची, एक उद्याची. दोन्ही दोन लाकडी चौकटींत बंद केल्या.

“हालू नका,” तो म्हणाला. झाकण काढलं. “एक... दोन... तीन.” झाकण लावलं. भिंतीवरच्या घड्याळात नऊ वाजून दहा मिनिटं.

मी निघालो. तो दुपारी प्लेट औषधात धुणार होता.

नवमीला सकाळी मी साडेआठलाच गेलो. काळा कोट, पांढरी टोपी. गुलाबराव दारातच उभा होता, आणि त्याचा चेहरा बरा दिसत नव्हता.

“भाऊ, बाई काल सकाळी अकोल्यात होत्या काय?”

“काल सकाळी शाळा होती. त्या संध्याकाळच्या गाडीने आल्या. का?”

“काई नाई.” मग म्हणाला, “आज राहू द्या ना. ग्रुप-फोटो म्हनून साधा फोटो काढू. विचारायचं ते घरी जाऊन विचारा.”

“घाबरलात?”

“हाव,” तो म्हणाला. “घाबरलो.”

मी त्याला भित्रा म्हणालो. त्याने कालची प्लेट कशी आली हे सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

नऊला टांगा आला. सुमतीबाई आणि त्यांची आत्या. आत्याबाई विधवा, तोंडाच्या फटकळ, वकिलांच्या घरातल्या – समोरच्याची उलटतपासणी घेतल्याशिवाय बसत नसत.

“काय हो, सभेच्या आधीच फोटो? सभा फसली तर याचं काय करायचं?”

“फसणार नाही, आत्याबाई.”

“बाकीच्या बाया कुठं आहेत?”

“येतायत.”

एवढ्यात गुलाबरावाने सुमतीबाईंना पाहिलं. आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं, हे लक्षात ठेवा. तो त्यांच्या चेहऱ्याकडे पाहत राहिला, मग उजव्या हाताकडे. आणि म्हणाला, “बाई, आज खडू नाई आनला?”

सुमतीबाई हसल्या. “आज सुट्टी आहे हो. खडू कशाला?”

“नाई. असंच.”

“फोटोत खडू धरायची नवी टूम निघाली वाटतं,” आत्याबाई म्हणाल्या.

त्या शिक्षिका आहेत हे मी गुलाबरावाला सांगितलं होतं. म्हणून मला त्यात काही वाटलं नाही. तुम्हालाही वाटू नये.

आत्याबाईंना मी बाहेरच्या खोलीत आल्बम पाहायला बसवलं. (“मले कायले दाखवता दुसऱ्यांची तोंडं?” – पण बसल्या.) सुमतीबाई खुर्चीवर बसल्या. जरीकाठी साडी, मांडीवर भाषणाचे कागद. मी खडूच्या खुणेवर उभा राहिलो आणि सुरुवात केली.

“सुमतीबाई, या प्रांतात आजवर पुरुषाने स्त्रीला...”

“हे कुठल्या पत्रकातलं?”

“पत्रकातलं नाही.”

“मग ‘या प्रांतात’ कशाला? मी एकटीच बसलेय.”

मी खिशातून प्रूफ काढलं आणि पुढे धरलं. पडदा सरकला. छपरातून आलेला उजेड लेन्सच्या पितळेवर चमकला. सुमतीबाईंनी तिकडे पाहिलं आणि त्या उठून उभ्या राहिल्या. कागद खाली पडले. उजवा हात त्यांनी पडद्याकडे वर केला – बोटं वर, तळवा लेन्सकडे – आणि म्हणाल्या, “थांबा.”

ओरडल्या नाहीत. वर्गात म्हणतात तसं म्हणाल्या.

मग माझ्याकडे वळल्या. “कोण आहे तिथे?”

“गुलाबराव. फोटो... तुमच्या उत्तराचा.”

“प्रश्न कुठे आहे?”

मी प्रूफ पुढे केलं. मुखपृष्ठावर चौकट आखलेली होती – ‘येथे फोटो’. त्यांनी वाचलं. खाली वाकून त्यांनी आपले कागद गोळा केले. मी मदत करायला वाकलो तर “राहू द्या” म्हणाल्या.

“मुलगी पाहायला येतात ना,” त्या म्हणाल्या, “तेव्हा तिला आदल्या दिवशी तरी सांगतात – उद्या पाहुणे येणार आहेत, नीट बस. तुम्ही तेवढंही सांगितलं नाही. आत्या, चला.”

टांगा गेल्याचा आवाज आला. गुलाबराव पडद्याआडून निघून मागच्या खोलीत गेला आणि दार लावून घेतलं. मी दुपारच्या गाडीने अमरावतीला परतलो. सभेला गेलो नाही.

इथे थांबलो असतो तर अन्याय नऊ वाजून दहा मिनिटांचाच राहिला असता. मी थांबलो नाही. चार दिवस विचार केला, आणि माझ्या डोक्यात आलेला विचार हा – नकारसुद्धा छापता येईल. किंबहुना नकारच छापावा. स्त्री ‘नाही’ म्हणते आणि पुरुष ऐकतो, हे तर आणखी मोठं उदाहरण! (उद्गारचिन्ह माझं. त्यांनी खोडलं होतं, मी आग्रहाने परत घातलं. तेव्हाचा मी कसा होतो ते दिसायला हवं.)

पाचव्या दिवशी अकोल्याला गेलो. गुलाबराव भावाच्या मळ्यात गेलेला. घरच्यांनी ओळखीचा म्हणून मला आत सोडलं. प्लेटा वाळवायच्या लाकडी घोडीवर एकच काच होती. उजेडाकडे धरली. निगेटिव्हमध्ये चेहरे काळे दिसतात, केस पांढरे. तरी ओळखू आलं – उभी बाई, वर केलेला हात, बाजूला मी. हाच तो फोटो, म्हणून मी काच रुमालात गुंडाळून घेतली. कोपऱ्यातला आकडा पाहिला नाही. नागपूरहून छपाईचा ब्लॉक करून आणला. खाली ओळ टाकली – ‘हिने नाही म्हटले. आम्ही मानले.’ हे प्रूफ सुमतीबाईंकडे गेलं नाही.

अमरावतीत वाटलं, अकोल्यात वाटलं, भातकुलीच्या बाजारात वाटलं, वरूडला संत्र्यांच्या पेठेत पेट्यांवर ठेवून आलो.

आठ दिवसांत ते शाळेच्या कमिटीसमोर गेलं. परपुरुषाबरोबर स्टुडिओत, दाराआड, आणि वर छापील. शाळेने सुमतीबाईंना कामावरून काढलं.

त्या माझ्या खोलीवर आल्या तेव्हा आत्याबाई बरोबर होत्या. मी बोलायला तोंड उघडलं, तर आत्याबाई म्हणाल्या, “तुमी आज बोलू नका. तुमी भल्ले बोलले आहात.” सुमतीबाईंनी पत्रक टेबलावर ठेवलं. मला वाटलं रडतील. त्यांनी पेन्सिलीने फोटोत खुणा केल्या, जशा प्रुफावर करायच्या तशा.

“हा नवमीचा फोटो नाही,” त्या म्हणाल्या. “नवमीला तुम्ही टोपी घातली होती. कोट घातला होता. इथे बोडके आहात, बाह्या दुमडलेल्या आहेत. नवमीला मी जरीकाठी नेसले होते. ही माझी शाळेची साडी आहे. आणि हे काय आहे?”

वर केलेल्या हाताच्या बोटांत काहीतरी पांढरं होतं. मला तो छपाईतला डाग वाटला होता.

“खडू,” त्या म्हणाल्या.

इतकी वर्षं मी लोकांना डोळे उघडे ठेवा म्हणून सांगत होतो. मी तो फोटो पाहिलाच नव्हता. त्याचा उपयोग तेवढा पाहिला होता.

मग त्यांनी जे सांगितलं ते मी आवाज न चढवता लिहितो. अष्टमीला सकाळी त्या वर्गात होत्या. फळ्यावर गोदावरीचं खोरं काढत होत्या. मधेच त्यांना वाटलं, पाठीमागून कोणीतरी पाहतंय – मुली पाहतात तसं नाही. मोजून घ्यावं तसं. त्या वळल्या आणि हात वर करून म्हणाल्या, “थांबा.” समोर फक्त मुली. पहिल्या बाकावरची एक म्हणाली, “बाई, कोनाले थांबवून राहिल्या?” वर्ग हसला. दारात मुख्याध्यापिका उभ्या होत्या. त्यांनी शेरेवहीत लिहिलं – ‘पाठ विनाकारण मध्येच थांबविला.’ खाली वार आणि वेळ. नऊ वाजून दहा. कमिटीत हाच शेरा त्यांच्याविरुद्ध वाचून दाखवला. स्वभाव अस्थिर असल्याचा पुरावा म्हणून.

आम्ही तिघेही अकोल्याला गेलो. गुलाबरावाने सुमतीबाईंना पाहिलं आणि मला न विचारता त्यांच्याशीच बोलला.

“बाई, अष्टमीच्या दुपारी काच धुतली तवाच तुमी दिसल्या. खुर्ची रिकामी होती अन् तुमी उभ्या. हातात खडू. मले वाटलं माहं डोकं फिरलं. दुसऱ्या दिवशी त्याच तुमी दारातून आल्या. म्हनून झाकन नाई काढलं म्या. हात झाकनावरच होता. तुमी थांबा म्हनलं – म्हनजे दुसऱ्यांदा म्हनलं – अन् मी थांबलो.”

“खोटं,” मी म्हणालो. मला खोटं हवं होतं.

तो मागे गेला आणि दुसरी चौकट घेऊन आला. नवमीची. बंदच होती. लाल दिव्याखाली आम्हा तिघांसमोर त्याने ती काच औषधात घातली, तबक हलवत राहिला. आत्याबाईंनी नाकाला पदर लावला होता. काच बाहेर काढली. कोपऱ्यात ‘२’. बाकी काहीच नाही. कोरी, स्वच्छ. तिच्यावर उजेड कधी पडलाच नव्हता.

मी परत आणलेल्या काचेच्या कोपऱ्यात होता ‘१’.

आता तुम्ही जे म्हणाल ते मी म्हणून झालोय. जुनी काच पुन्हा वापरली? पुडकं माझ्यासमोर फोडलं. एकाच काचेवर दोन फोटो? सुमतीबाईंचा तोपर्यंत कोणीच फोटो काढलेला नव्हता, घरात नाही, शाळेत नाही. पुढे त्या स्वतः ती काच घेऊन कॉलेजातल्या पदार्थविज्ञानाच्या प्राध्यापकांकडे गेल्या, मी मागे उभा राहिलो. प्राध्यापकांनी भिंगाखाली अर्धा तास पाहिली. दोनदा उघडलेल्या काचेत मागची वस्तू पुढच्या माणसातून दिसते, म्हणाले. इथे खुर्चीचं कोरीवकाम त्यांच्या साडीआड पूर्ण लपलंय. पेन्सिल फिरलेली नाही. मग म्हणाले, “ही ठेवून जाता का?”

“नाही,” सुमतीबाई म्हणाल्या.

एक वर्ष झालं. माझ्याकडे खुलासा नाही. प्राध्यापकांकडे नाही. गुलाबरावाकडे तर नाहीच. त्याने फक्त रीत बदलली. आता फोटोला बसलेल्या प्रत्येक पोरीला, झाकण काढायच्या आधी, तो विचारतो – “काढू काय?” आया चिडतात. एक-दोन पोरी ‘नको’ म्हणाल्या, आणि त्याने काढला नाही. मी हे दहा पत्रकांत लिहिलं होतं. त्याने एका काचेवरून शिकलं.

काच सुमतीबाईंकडे आहे. त्या आता अकोल्यात आत्याकडे राहतात, घरीच मुलींना शिकवतात. शाळेने परत घेतलं नाही. लग्नाचा प्रश्न मी पुन्हा काढलेला नाही आणि काढणार नाही. त्याचं उत्तर मला आधीच मिळालेलं आहे, विचारायच्या एक दिवस आधी.

त्यांची मागणी एकच आहे. माफी मी मागितली होती, ती त्यांनी बाजूला ठेवली. म्हणाल्या, “माझा चेहरा किती घरांत गेलाय ते मला माहीत नाही. ते सगळे कागद मला परत हवेत. जाळून टाकले असं ऐकायचं नाही. माझ्या हातात हवेत.” म्हणून गेलं वर्षभर मी दारोदार फिरतोय. जिथे कागद वाटले होते तिथेच परत. काही मिळाले – फडताळात अंथरलेले, वहीला कव्हर घातलेले, एका दुकानात भिंतीला चिकटवलेला. काही मिळाले नाहीत. हा मजकूर त्यासाठी आहे. छापायच्या आधी त्यांनी तो लाल शाईने तपासला. तीन ठिकाणी मी स्वतःची कीव केली होती, ती खोडली. ‘अन्याय’ हा शब्द ठेवला.

तेव्हा वाचकांनो, हे भुताचं होतं की काचेचं, यावर तुम्ही घरी बसून वाद घाला, मला पत्र पाठवू नका. उठा आणि फडताळ उघडा. पेटीच्या तळाचा कागद काढा, पोथीचं वेष्टन पाहा, पोरांच्या वह्यांची कव्हरं पाहा. ‘तिला विचारा’ची दुसरी आवृत्ती सापडली तर या मासिकाच्या कचेरीत पाठवा, तिथून ती त्यांच्या हातात जाईल. आणि सापडल्यावर, पाठवायच्या आधी, खडू खरंच दिसतो का म्हणून तुम्हाला एकदा पाहावंसं वाटेल. त्या बाईने तुमच्याकडे तळवा करून हात वर केलेला आहे. पाहू नका. कागद पालथा करा आणि पाठवा.